मुद्देमाल: एक जुना एसी

बसा. चहा घ्या. आणि आधी एक कबूल करा, मध्येच हसायचं नाही. फजिती माझी झाली हे खरं, पण मामला गंभीर होता आणि माझ्या मते अजूनही आहे.

दिल्लीतल्या एका हिंदी वर्तमानपत्रात मी उभी हयात घालवली. घर यमुनापार, ऑफिस नोएडात. गुन्हेगारी, महापालिका, वीज, पाणी, सगळ्या खात्यांशी भांडून झालंय. माझ्यामुळे किती अधिकाऱ्यांची बदली झाली विचाराल तर एकाचीही नाही, पण माझा फोन आला की पाणी मागवायचे, हे नक्की.

तर त्या जूनमध्ये आमच्या सोसायटीतल्या सक्सेना मॅडमना एक फोन आला. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. 'आपका बिल अपडेट नहीं है, आज बिजली कट जाएगी.' घाबरल्या बिचाऱ्या. सांगितलं ते बटण दाबलं आणि आयुष्यभराची पुंजी गेली. दुसऱ्या दिवशी त्या जिन्यात बसून होत्या. रडत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. मी ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

मी लेख लिहिला. अर्धं पान. खाली चौकटीत नियम: विजेच्या नावाने दारात आलेल्यावर विश्वास ठेवू नका. ओळखपत्र कुणीही छापून घेतं. त्यांनी दिलेल्या नंबरावर फोन करू नका. ते गोड बोलतील, 'साहेबांनीच बोलावलंय' म्हणतील, ऐकू नका. अंकांचा गठ्ठा घरी आणला, लिफ्टमध्ये चिकटवला, चौकीदाराला दिला, ठाण्यात नेऊन दिला. एवढ्यावर थांबलो असतो तर आज तुम्हाला चहा पाजून मुकाट बसलो असतो. पण मी माझ्या फोनवर वीज कंपनीच्या नावाने येणारे सगळे मेसेज आणि नंबर ब्लॉक करून टाकले. खरे-खोटे, सगळे! उपदेश करायचा तर आधी स्वतः पाळायला नको का?

आता आमचा एसी. बेडरूमच्या भिंतीत चौकोन पाडून बसवलेला, आमच्या लग्नाच्या वयाचा. सुरू झाला की ट्यूबलाइट मान टाकायची आणि शेजारचे गुप्ताजी टीव्हीचा आवाज वाढवायचे. गारवा कमी, बिल जास्त. माझी बायको रेखा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आहे, हिशेबी बाई. तिने घरातले बल्ब बदलले, कमी वीज खाणारे पंखे लावले. राहिला हा राक्षस. आणि नागपूरहून आई येत होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली थंड ठेवा, डोळ्यात घाम जाता कामा नये. जून महिना, दिल्ली, ऐंशी पार केलेली आई. खोली थंड हवी होती. प्रश्न एवढाच होता.

वीज कंपनीची योजना होती: चालू स्थितीतला जुना एसी द्या आणि कमी वीज खाणारा नवा जवळजवळ अर्ध्या किमतीत घ्या. रेखाने गुपचूप अर्ज केला. मला का नाही सांगितलं? नंतर म्हणाली, "मिलिंद, तुला सांगितलं असतं तर तू आधी योजनेची चौकशी केली असतीस, मग त्यांच्या मोठ्या साहेबांशी भांडला असतास, आणि एसी पुढच्या उन्हाळ्यात आला असता." खोटं नाही.

माणसं शनिवारी यायची होती, तेव्हा रेखा घरी. पण योजनेची मुदत त्याआधीच संपत होती, म्हणून कंपनीने तारीख बदलली. मेसेज पाठवला. कुठे? वीजजोडणी माझ्या नावावर, नंबर माझा. म्हणजे कुठेच नाही!

तर तो दिवस. आई संध्याकाळी येणार. मी दार नुसतं लोटून आंघोळीला गेलो, कारण इस्त्रीवाला कपडे न्यायला यायचा होता. बाहेरून आवाज आला, "साहब, पुराना वाला ले जाएं?"

मी आतून ओरडलो, "हां हां, ले जाओ! सब ले जाओ!"

आंघोळीत मी लेख रचतो, त्यामुळे वेळ लागतो. बाहेर आलो तो कमरेला टॉवेल, अंगावर साबणाचा वास, आणि बेडरूममध्ये लख्ख ऊन! भिंतीतून गुप्ताजींची बाल्कनी दिसत होती. बाल्कनीत गुप्ताजी दिसत होते. गुप्ताजींना मी दिसत होतो.

एसी खाली जमिनीवर. त्याच्या दोन बाजूंना दोन माणसं. थोरला, धरमवीर नावाचा, हात पुसत म्हणाला, "नमस्ते सर, बिजली कंपनी से हैं. पुराना उतर गया, नया नीचे टेम्पो में है. अभी लगा देते हैं."

बिजली कंपनी! माझ्या घरात! माझ्या लेखाची शाई वाळली नव्हती!

"कार्ड दिखाओ," मी म्हणालो.

त्याने दाखवलं. फोटो, शिक्का, सगळं.

"ऐसे कार्ड तो हर नुक्कड़ पर छपते हैं."

"सर, इस नंबर पर ऑफिस में पूछ लीजिए."

"तुम्हारा दिया हुआ नंबर? वाह!"

"सर, आपके मोबाइल पर मेसेज आया होगा."

मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. एकही मेसेज नव्हता. "कहां है? बताओ, कहां है?"

"मॅडम ने अप्लाई किया है, सर."

"मॅडम का नाम भी पता कर लिया!" मी खिडकीकडे, म्हणजे भगदाडाकडे वळून ओरडलो, "गुप्ताजी! पकड़ लिया!"

रेखाला फोन लावला, पण ती बैठकीत. त्यांच्या बैठकीत फोन बाहेर ठेवावे लागतात. मी दाराला आतून कडी घातली आणि पोलिसांना फोन केला. टॉवेलवरच. गुप्ताजींनी तोवर सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं: 'पत्रकार साहब ने ठग पकड़े.' अर्ध्या तासात जिना भरला. सक्सेना मॅडमसुद्धा आल्या. मी अंगात शर्ट घालून दारात भाषण केलं. ज्येष्ठ नागरिकांची लूट, कंपन्यांची उदासीनता, पोलिसांची झोप! टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, पडल्या.

धरमवीर एसीवर बसून म्हणाला, "सर, दोपहर तक फिटिंग कर लेते तो अच्छा था. गर्मी है."

"गर्मी तुम्हें थाने में लगेगी," मी म्हणालो.

पुन्हा टाळ्या.

उपनिरीक्षक चौधरी आले. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "सर, असली लग रहा है. एक बार कंपनी से पूछ लें?"

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो माणूस अर्धा पाऊल मागे सरला. "चौधरी साहब, मेरा लेख पढ़ा था? मी स्वतः दिलाय ठाण्यात. आप कार्रवाई करेंगे या मैं ऊपर बात करूं?" रागात मी अर्धं मराठी बोलतो. त्यांना काय समजलं देव जाणे, पण समजलं.

धरमवीर आणि त्याचा साथीदार पोलिसांच्या गाडीत बसले. टेम्पो मागोमाग गेला, नव्या एसीसकट. आणि जुना एसी? चौधरी म्हणाले, तो घरी राहू दे.

"कैसे रहने दें? मुद्देमाल आहे तो! सबूत है!" मी म्हणालो. माझ्या हट्टाखातर चार शिपायांनी तो राक्षस दोन मजले खाली उतरवला. रीतसर पंचनामा झाला. पंच म्हणून सही कोणाची? गुप्ताजींची. आणि फिर्यादी म्हणून माझी, ठळक.

जेवणाच्या सुट्टीत रेखाचा फोन आला. मी तिला आनंदाने सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "मिलिंद, तो एसी मी मागवला होता."

"कोणता?"

"ज्याला तू अटक केलीस."

ठाण्यात पोचलो तर कंपनीचा एक अधिकारी आधीच बसलेला, कागद घेऊन. दोघं माणसं सुटली होती. मी धरमवीरची माफी मागितली. तो म्हणाला, "कोई बात नहीं सर. लेकिन अंदर से आपने ही कहा था, सब ले जाओ." चौधरींनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मी अधिकाऱ्याला म्हणालो, "चला, नवा बसवा. आई संध्याकाळी येतेय."

"बिल्कुल सर. पुराना दे दीजिए."

"तो इथेच आहे, आत."

"हमें तो आपसे चाहिए, सर. नियम है. और स्कीम आज बंद हो रही है."

मी चौधरींकडे वळलो. "तो एसी दे दो."

"सर, मालखाने में जमा हो गया. आपने ही लिखवाया. अब जिसका है उसे मिलेगा, पर साबित करना पड़ेगा. खरीद की रसीद?"

लग्नाच्या वयाच्या एसीची पावती! तुमच्याकडे आहे का? माझ्याकडे लग्नाचे फोटोसुद्धा नीट नाहीत. मी खिशातून पत्रकार परिषदेत मिरवायचं कार्ड काढलं आणि टेबलावर आपटलं. "मैं कौन हूं, आप जानते नहीं?"

चौधरींनी फक्त बोट वर केलं. त्यांच्या पाठीमागच्या फलकावर माझं अर्धं पान लावलेलं होतं. चौकटीतल्या नियमाखाली कुणीतरी लाल पेनाने रेघ मारली होती: कार्ड देखकर भरोसा न करें.

"बहुत अच्छा लिखा है सर," ते म्हणाले. "हम सबको पढ़ाते हैं."

मी भांडलो का? भांडलो. अजूनही म्हणतो की चालू एसी दिल्याशिवाय नवा नाही हा नियम ठीक असला, तरी जुना ठाण्यात आहे हे दिसत असताना अडवणं ही शुद्ध मस्ती आहे. त्यावर मी लेख लिहिणार होतो. संपादक म्हणाले, नको.

टेम्पो गेला. नवा एसी दिवसाउजेडी माझ्या डोळ्यांसमोरून परत गेला.

तुम्हाला चिंता लागली असेल म्हणून सांगून टाकतो. ऑपरेशन उत्तम झालं. नवा एसीही आला, पुढच्याच दिवशी, दुकानातून, पूर्ण किमतीत. वीज खरंच निम्मी खातो, ट्यूबलाइट ताठ उभी असते. जुना अजून मालखान्यात आहे. चौधरी भेटले की विचारतात, "सर, रसीद मिली?"

पण ती संध्याकाळ. आईला स्टेशनवरून आणलं. खोलीत शिरलो तर भगदाडातून भट्टीसारखी झळ येत होती, आणि सोबत गुप्ताजींचा टीव्ही. रेखाने कपाटामागून वर्तमानपत्रांचा गठ्ठा ओढला, माझ्या लेखाचे उरलेले अंक, आणि एकेक घडी घालून भिंतीतल्या चौकोनात ठासायला लागली. मी द्यायला उभा राहिलो. शेवटच्या अंकाला भगदाड बंद झालं. बाहेरच्या बाजूने दिसत होता माझा फोटो, असं गुप्ताजींनी नंतर आवर्जून कळवलं.

आई पलंगावर टेकली. पंखा लावला. तिने भिंतीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"काहून रे मिलिंद, हे तूच लिहिलेलं ना?"

"हो, आई."

तिने भिंतीजवळ तळहात नेला, झळ येते का पाहिलं.

"एवढी वर्षं लिहितोस बापा," ती म्हणाली, "तुझ्या लिहिण्यानं कधी काही थांबलं नाही. आज झळ तरी थांबली."