वामनरावांचे रोजचे एक वाक्य

वामनरावांची नि माझी पहिली भेट बारामतीच्या शाळेत झाली, तीही तक्रारीने. मी मराठी शिकवी; शेजारच्या वर्गात मुलांकडून मोठ्याने आर्या म्हणवून घेत होतो. नवे इंग्रजीचे मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, "कविराज, तुमच्या आर्या आमच्या वर्गात येऊन बसल्या आहेत. हजेरी लावू का त्यांची?" त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. मुलांना व्याकरणातली रूपे चालवता येत, पण समोरच्याला 'कसे काय' विचारता येत नसे, याचे त्यांना वाईट वाटे. म्हणून ते रोज फळ्याच्या कोपऱ्यात बोलण्यातले एकच वाक्य लिहीत. संध्याकाळपर्यंत मुलांनी ते कोणाशी तरी बोलून यायचे आणि उत्तर काय मिळाले ते सकाळी सांगायचे. भिंतीशी बोललेले चालत नसे. कोऱ्हाळ्याच्या एका विद्यार्थ्याने भीतभीत कबूल केले, "सर, म्हशीला म्हनलो." वामनरावांनी गंभीरपणे विचारले, "मग म्हैस काय म्हणाली?" वर्ग हसला; तो मुलगाही हसला. चुकलेल्याला त्यांनी कधी एकटे पडू दिले नाही.

मी निवृत्त झालो त्याच साली माझी पत्नी गेली. मूलबाळ नव्हते. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे. ज्या कविता आयुष्यभर खड्या आवाजात म्हटल्या, त्या मी वहीत नुसत्या पाहत बसे. अशा एका दुपारी वामनराव आले, ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी शिकवायचे ठरवले आहे."

"या वयात? आणि बोलू कोणाशी?"

"ते तुम्ही शोधायचे."

पहिले वाक्य दिले 'सो फार, सो गुड'. म्हणजे, आतापर्यंत तरी बरे चालले आहे. आमची खोड अशी, की चालीवाचून काही पाठ होत नाही. भुजंगप्रयातात बसवू पाहिले, बसेना. शेवटी ओवीत ओढले. बाजारात पिंपळीच्या सखूबाई वांगी घेऊन बसत. त्यांनी "कसं काय मास्तर?" म्हणताच मी डोळे मिटून ते वाक्य चांगले लांबवून गायिले.

"अगं बया! जात्यावरली व्हय ही?" सखूबाईंनी पदर तोंडाला लावला. "कंच्या गावची म्हनायची?"

मी अर्थ सांगितला.

"मंग सरळ सांगा की, बरं चाललंय म्हून." माझ्याकडे निरखून पाहत त्या थांबल्या. "पर चाललंय का बरं? चूल पेटती न्हवं रोज?"

पत्नी गेल्यानंतर मला हे कोणी विचारले नव्हते. कोणी विचारावे असा मी कोणासमोर गेलोच नव्हतो. म्हणालो, "नाही हो." आणि भर बाजारात वांग्यांच्या पाटीशी बसून रडलो. पाटी जरा सरकवून सखूबाईंनी मला सावलीत घेतले.

दुसऱ्या दिवशी वामनरावांना सांगितले, "वाक्य बोललो, पण लगेच परत घ्यावे लागले." ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मग खरे बोलणे झाले म्हणायचे." पुढे दोन वर्षे त्यांनी एक दिवस चुकवला नाही. दिवसाला एक वाक्य, आणि त्या निमित्ताने दिवसाला एक माणूस.

आता ते चिरंजीवांकडे इंदापूर तालुक्यात, शेळगावी असतात. यंदा वहिनी गेल्या. चिरंजीव लिहितात, "अण्णा लिंबाच्या बागेत जातात, परत येतात, बोलत नाहीत." आपण योजलेल्या त्यांच्या साठीच्या या समारंभालाही त्यांनी मोठ्या मिनतवारीने होकार दिला म्हणे. हे वाचले त्या दिवसापासून माझेही बाजारात मन लागत नाही.

त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही प्रार्थना आपण सारे करूच. माझे मात्र देवाकडे मागून झाल्यावर खुद्द वामनरावांकडेही एक मागणे आहे. त्या आयुष्यातले काही दिवस त्यांनी बारामतीस येऊन काढावेत. बागेचे पाणी चिरंजीव पाहतील. माझ्या घरात दोन खोल्या आहेत. त्यांतली एक मी कालच झाडून ठेवली आहे.