दोनशे तासांची तपासणी

विषय : कन्येच्या उड्डाणवहीवर खाली सही करणाराने केलेल्या सह्यांबाबत.
संदर्भ : तिची आई रोज जेवताना काढते तो.

वरील विषयी सादर करण्यात येते की, चूक माझी होती. तेहतीस वर्षांच्या कारकुनीत हे वाक्य मी एकदाही लिहिलं नव्हतं. आता लिहिलंच आहे, तर चहा घ्या आणि सविस्तर ऐका.

आमची केतकी व्यावसायिक पायलट व्हायला निघाली आहे. त्यासाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं, आणि विमानाचा तास ही काही मीरा रोडच्या वन बीएचकेला परवडणारी वस्तू नाही. माझी ग्रॅच्युइटी, म्हणजे माझी तेहतीस वर्षं, या दोनशे तासांत बसवायची होती. म्हणून तिने लांबच्या गावातला स्वस्त फ्लाइंग क्लब शोधला. विमान दोन सीटचं, वयाने तिच्याहून मोठं. खासगी परवाना हातात आल्यावर ती आणि नया नगरची तिची मैत्रीण रुक्साना लांबच्या फेऱ्या जोडीने करायच्या. जाताना एकीने चालवायचं, येताना दुसरीने, वरखर्च निम्मा निम्मा. स्टेशनला आपण शेअर रिक्षा करतो तसंच, फक्त जरा वरून.

"मग बाजूला बसलेले तासही तुझ्या नावावर धर की," मी सुचवलं.

"तसं धरत नाहीत, बाबा. नाहीतर घोडबंदरच्या बसमध्ये पुढे बसून बसून आई कधीच ड्रायव्हर झाली असती."

तास भरले. ती चार दिवस घरी आली. परत गेल्यावर वहीवर क्लबच्या मुख्य प्रशिक्षकांच्या सह्या घ्यायच्या आणि परवान्याचा अर्ज दिल्लीला पाठवायचा, एवढंच उरलं होतं.

"बाबा, तेवढ्या बेरजा बघून ठेवा. तास-मिनिटांत माझा घोळ होतो. खुणा पेन्सिलने हं," असं सांगून ती आईबरोबर उत्तनला सुके बोंबील आणायला गेली.

सुरुवातीला माझ्या हातात पेन्सिलच होती, हे नमूद व्हावं.

वही बघून डोळे निवले. तारीख, विमान, कुठून कुठे, किती मिनिटं. खाडाखोड नाही, बेरजा चोख. पण प्रत्येक पानाच्या तळाशी 'वरील नोंदी बरोबर आहेत' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य छापलेलं, आणि त्याच्यापुढे मोकळी रेघ. बावीस पानं, बावीस मोकळ्या रेघा. सरकारी टेबलावर तुम्ही कधी बसला नसाल, तर ते दुःख तुम्हाला कळायचं नाही. नोंदी मी तपासल्या होत्या. त्या बरोबर होत्या. खाली जागा होती. आता माणसाने करावं तरी काय?

मी शाईचं पेन काढलं. सही, खाली तारीख. तिसऱ्या पानापर्यंत हात बसला. सातव्या पानावर आठवलं, की निवृत्तीच्या दिवशी 'तपासले' हा शिक्का चुकून माझ्याबरोबर घरी आला होता. चुकून म्हणजे रुमालात गुंडाळून. तो शोधला, आणि मागच्या सहा पानांवरही अन्याय होऊ दिला नाही.

दोघी परतल्या. केतकीने पहिलं पान पाहिलं, मग शेवटचं, मग खुर्ची ओढून बसली.

"बाबा, हे काय आहे?"

"एक चूक सापडली नाही. शाबास."

"इथे कॅप्टनची सही हवी होती."

"मग ते माझ्या खाली करतील. प्रतिस्वाक्षरी."

"खाली कुठे? खाली टेबल आहे."

बायकोने बोंबलांची पिशवी ठेवली. "तरी मी म्हणत होते, यांनाही उत्तनला नेऊ."

केतकी हसली नाही. दोन महिन्यांनी एका विमान कंपनीची निवड परीक्षा होती, आणि परवाना नसेल तर तिला बसू देणार नव्हते. "वही नाकारली तर पुन्हा उडायला आपण विकणार काय?" ती हळूच म्हणाली. विकण्यासारखा घरात मीच उरलो होतो, आणि त्या दिवशी मला भाव नव्हता.

तिने कॅप्टनना, म्हणजे त्या मुख्य प्रशिक्षकांना, फोन लावला, झालेलं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"अंकल, आप पायलट हैं?"

"नहीं सर. पानीपट्टी विभाग."

"और ये स्टॅम्प?"

"वो भी उधर का ही है."

"टोटल सही है?"

"एक मिनट का फरक नहीं."

"चलो, उतना तो बचा."

त्यांनी मार्ग काढला. माझ्या प्रत्येक सहीवर एक रेघ, शेजारी त्यांची सही, आणि सोबत माझा लेखी खुलासा. खुलासा मी सात पानी लिहिला, केतकीने तो पाऊण पानावर आणला. अर्ज गेला.

तीन आठवड्यांनी दिल्लीहून विचारणा आली : 'मूळ सही करणाऱ्याचा परवाना क्रमांक कळवावा.' शेरा उत्तम होता, मीही हाच मारला असता. उत्तर धाडलं : 'मजजवळ फक्त स्कूटरचा परवाना असून त्याचीही मुदत संपली आहे.'

"मुदतीचं कशाला लिहिलंत?" केतकीने विचारलं.

"माहिती दडवू नये."

त्यावर दुसरी विचारणा : 'सदर परवान्याची प्रत जोडावी.' या वेळी मात्र मी शहाणपणा केला. प्रत काढली, पाकिटात घातली, आणि तिच्यावर कुठेही सही केली नाही.

प्रत काल परत आली. शेरा : 'प्रतीवर धारकाची स्वतःची सही नाही.'

परीक्षेला नऊ दिवस आहेत. अर्ज प्रलंबित आहे.