बंद केलंस ना?

कुत्र्याने ट्रॅक्टरखाली झोपणं सोडलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ती त्याची हक्काची जागा होती. रात्रभर हीटर लावलेल्या इंजिनाचं पोट कोमट असायचं आणि हा त्याला पाठ लावून सुखाने घोरायचा. एका सकाळी तो तिथून केकाटत बाहेर आला, थेट कुंपणापर्यंत पळाला आणि त्यानंतर शेडमध्ये पाय टाकेना. नवरा म्हणाला, "उंदीर चावला असेल." मी म्हटलं, "उंदराला घाबरतोय म्हणजे धन्याच्याच वळणावर गेलाय." दोघेही हसलो आणि विषय संपला. कुत्रा मात्र रोज शेडच्या दाराशी बसून ट्रॅक्टरकडे बघत राहायचा.

आम्ही मूळचे पुण्याचे. अप्पर हट नावाच्या गावात राहून रोज ट्रेनने वेलिंग्टनला जायचं आणि दिवसभर कोड लिहायचा, अशी नवऱ्याची नऊ वर्षं गेली. मग त्याच्या डोक्यात शेतीचं खूळ शिरलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कालवडी सांभाळायचं काम घेऊन आम्ही दक्षिणेला, मॅनिओटोटोच्या पठारावर येऊन पडलो. मी घरून कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात त्याच्या हाताखाली. इथला हिवाळा अंगावर येतो. कुंपणाच्या तारांवर बोटभर बर्फ साचतं, आणि सावलीत ते दुपारीही वितळत नाही. अशा थंडीत डिझेल इंजिन सकाळी सुरूच होत नाही, म्हणून त्याच्या ब्लॉकमध्ये पाणी तापवायच्या कॉइलसारखा एक हीटर बसवलेला असतो. त्याची वायर संध्याकाळी भिंतीतल्या प्लगला जोडायची, की सकाळी ट्रॅक्टर चालतो आणि कालवडींना गवताचे गठ्ठे वेळेवर मिळतात.

जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, त्या हीटरने दगा दिला. वायर जोडली रे जोडली की शेडचा सेफ्टी स्विच पडायचा. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. मालकाने येऊन पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "नवीन हीटर मागव. तोवर ती वायर पंपाच्या शेडमधून घे, तिथलं वायरिंग जुनं आहे, असला स्विचच नाही, कटकट करत नाही. शी विल बी राइट, मेट."

म्हणजे, होईल सगळं ठीक, काळजी नको. या देशात हे वाक्य ऐकलं की मी आधी काळजीला लागते.

"अरे, तो स्विच उगाच पडतोय का?" मी नवऱ्याला विचारलं.

"अगं, तात्पुरतं आहे. पार्ट येईपर्यंत."

आमच्या घरात तात्पुरतं म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत. पण सकाळी कालवडी हंबरायला लागल्या की तत्त्वं गळून पडतात. मालकाच्या गराजमधली एक जुनाट केशरी वायर आणली, ती चाळीस पावलांवरच्या पंपाच्या शेडपर्यंत ओढली, आणि हीटर चालू झाला. स्विच पडायचा थांबला, म्हणून आम्हाला वाटलं बिघाडही थांबला. कुत्रा केकाटला तो याच्या दुसऱ्याच सकाळी. या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नाही, आणि नवऱ्याला तर नाहीच नाही.

आठवड्याने पार्ट आला. त्या सकाळी गवत आम्ही गाडीतूनच नेऊन टाकलं आणि ट्रॅक्टर रात्री होता तसाच शेडमध्ये ठेवला. नवऱ्याने तीन व्हिडिओ पाहिले होते. म्हणजे आता तो स्वतःला मेकॅनिक समजत होता. गमबूट, जाड हातमोजे, कपाळावर टोपी. त्याने खाली परात ठेवून इंजिनातलं हिरवं कूलंट काढलं. ते गोड असतं आणि विषारी असतं, म्हणून कुत्रा जवळ येणार नाही ना हे मी बघत होते. तो कशाला येतोय! दारातच शेपूट पायात घालून उभा होता आणि घशातल्या घशात कुंथत होता.

हीटरची वायर केशरी वायरीला जिथे जोडली होती तो सांधा बर्फाने पक्का जाम झाला होता. नवऱ्याने दोन हिसके दिले, सुटला नाही.

"ऊन आलं की सुटेल," तो म्हणाला. "तू पंपाच्या शेडमध्ये जा. पाणी सोड, मला ही बाजू धुवायचीय, नुसता चिखल आहे. आणि वायरीचं बटण बंद कर."

मी निघाले. नळ गोठलेला असणार म्हणून जाताना त्याच्या पेटीतला बारा-तेराचा पाना उचलला आणि घरातून किटलीभर गरम पाणी घेतलं. नळावर पाणी ओतलं, पान्याने ठोकलं, बोटं बधिर झाली, नळाला आणि नवऱ्याला जमेल तेवढ्या शिव्या दिल्या. शेवटी पाणी खळखळलं तेव्हा लढाई जिंकल्याचा आनंद झाला. त्या आनंदात भिंतीवरचं बटण राहिलं.

पाच-सात मिनिटांनी त्याची हाक आली, "बंद कर गं!" मी नळ बंद केला. पाना खिशात टाकला आणि दाराबाहेर आले. तेवढ्यात पुन्हा हाक आली.

"बंद केलंस ना?"

"हो, केलं!"

तो बटणाबद्दल विचारत होता. मी पाण्याबद्दल सांगत होते. मराठीत पाणीही बंद करतात आणि बटणही, आणि दोन्ही नपुंसकलिंगी. तो बटणाला 'स्विच' म्हणाला असता तर 'केलास' आलं असतं आणि मी अडखळले असते. व्याकरणाच्या बाईंनी शाळेत कितीही डोकं फोडलं तरी लिंगावरून जीव जातो हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मी शेडच्या दाराशी पोचले. कुत्रा आता उभाही राहत नव्हता, सारखा पुढे जायचा आणि ओल्या सिमेंटला पंजा लागला की मागे उडी मारायचा. मी आत पाहिलं. ट्रॅक्टरची धुतलेली बाजू काळीभोर चमकत होती, आणि तिच्यावर एकाच जागेतून, बरोबर हीटर होता तिथून, वाफेची बारीक रेघ वर जात होती.

कालपासून इंजिन सुरू केलं नव्हतं. मग तापलं काय?

टायरवर त्याचे हातमोजे काढून ठेवलेले होते. खाली पाण्यात उताणा पडलेला नवरा, त्याचे फक्त गमबूट मला दिसत होते. आठवडाभर आम्ही दोघं त्या ट्रॅक्टरवर चढत-उतरत होतो, पण पायात रबर आणि हातात जाड मोजे घालून. कुत्र्याला गमबूट नसतात.

'हात लावू नकोस' असं ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. स्वप्नात होतं तसं. मी वळले आणि पळत सुटले. चाळीस पावलं. बर्फावरून एकदा घसरले, गुडघा फुटला. बटण बंद केलं, आणि मग प्लगही उपटून काढला.

परत येताना पळवेना. मी त्याला हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. गमबूट हलत नव्हते. त्या क्षणी मी देवाला काहीही कबूल केलं असतं. मी फक्त एवढंच म्हणत होते की उशीर झालेला नसू दे.

मी दारात आले तेव्हा एक गमबूट हलला. त्याने तोंडातला टॉर्च काढला आणि वैतागून म्हणाला, "अगं, कधीचा शोधतोय, बारा-तेराचा पाना कुठाय?"

तो माझ्या खिशात होता. मी जमिनीवर बसले आणि रडायला लागले.

त्याला आधी पटेचना. "काहीतरीच काय! मी म्हटलं होतं ना बंद कर?" मी उठले आणि स्वयंपाकघराच्या खणातला टेस्टर आणला. पुण्याहून येताना सासऱ्यांनी बॅगेत घातलेला, पिवळ्या मुठीचा. इतकी वर्षं मी त्याची चेष्टा करत होते. नवऱ्याला कोरड्या फळीवर उभं केलं, पंपाच्या शेडमध्ये जाऊन प्लग लावला, बटण चालू केलं आणि परत आले. त्याने टेस्टरचं टोक चाकाच्या नटाला टेकवलं.

टेस्टरमधला दिवा पेटला. मागच्या हुकाला लावला, तिथेही पेटला. बॉनेटच्या कडेला, तिथेही.

मी पुन्हा जाऊन सगळं बंद केलं. या वेळी प्लग हातात घेऊनच आले. नंतर आलेल्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं की जुना हीटर आतून फुटला होता आणि त्या केशरी वायरीतली अर्थिंगची तार कधीच तुटलेली होती. पण ते नंतर. तेव्हा नवरा पालथ्या बादलीवर बसला होता, चेहरा पांढरा पडलेला, आणि स्वतःच्या उघड्या, ओल्या तळहातांकडे बघत होता. कुत्रा हळूच आत आला आणि त्याच्या पायाशी टेकला.

त्याने एक हात कुत्र्याच्या पाठीवर ठेवला. मग तो बोलला. रागाने नाही, नुसतं घडलेलं सांगावं तसं.

"तू 'हो, केलं' म्हणालीस ना," तो म्हणाला, "म्हणून मी हातमोजे काढले."