विमानातून गेलेली शेगडी

आतेबहीण चंदीगडला बाळंतीण झाली, तेव्हा तिच्यासाठी विमानातून जाण्याची पाळी आत्यावर आली आणि सोबत म्हणून माझ्यावर. आम्ही दोघी विमानात कधी बसलो नव्हतो. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी करते. रजा मिळाली आणि आत्या आदल्या दिवशीच डोंगरातल्या कुडपणहून माझ्याकडे उतरली.

तिच्या सामानात डिंकाचे लाडू होते, नाचणीचं पीठ होतं, बाळंतशेपा होत्या. आणि एका जुन्या चादरीत गुंडाळलेला पाणी तापवायचा रॉड आणि कॉइलची शेगडी.

"आत्या, तिथे गिझर आहे. हीटर आहे," मी म्हटलं.

"गिझरवर ओव्याची धुरी देता येते काय गो?"

मी दोन्ही वस्तू मोठ्या बॅगेत घालायला घेतल्या, तर तिने त्या काढून हातातल्या पिशवीत ठेवल्या. शेगडीची कॉइल ज्या पांढऱ्या मातीच्या ताटलीत बसवलेली असते, ती आपटली तर तडकते. "ते लोक बॅगा फेकतात म्हणं. ही माझ्या मांडीवरच ऱ्हाईल." मलाही ते पटलं.

मुंबईच्या विमानतळावर मोठ्या बॅगा देऊन झाल्या. मग तपासणीच्या यंत्रातून आमची पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर एक मोठं वेटोळं दिसत होतं आणि त्याच्या शेजारी एक लांब स्प्रिंग. गणवेशातल्या बाईंनी दुसऱ्या बाईंना बोलावलं, त्यांनी एका साहेबांना.

"माताजी, ये क्या है?"

"पानी का रॉड," आत्या म्हणाली. "बालटी में डालने का. लेकिन बालटी को हात नाय लगाने का, झटका बसता है."

"और ये गोल?"

"शेगडी. मेरी लेक बाळंतीण हाय."

साहेबांनी मान हलवली, पण हसू दाबत. हे हातातल्या सामानात जाणार नाही. काउंटरवर परत देऊन या, नाहीतर इथेच सोडा, असं त्यांनी नीट समजावलं. आत्याने पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला. "सोडनार नाय," ती मला म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा हसू फुटलं.

आम्ही उलट्या दिशेने पळत सुटलो. आत्या कुडपणच्या चढाची सवय असलेली. गुळगुळीत फरशीवर ती माझ्या पुढे, काष्टा सावरत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, वजनात जागा आहे, पण अशी उघडी पिशवी जाणार नाही. तेव्हा आत्याने पिशवीतलं जादाचं लुगडं काढलं, तिथेच बसून रॉड आणि शेगडीचं गाठोडं बांधलं आणि वर सात गाठी मारल्या. शेजारी बॅगांना प्लास्टिक गुंडाळायचं यंत्र होतं. त्यावर आमचं गाठोडं ठेवलं आणि ते गरगर फिरायला लागलं.

"नवरीला हळद लावतात तसं चाललंय," आत्या म्हणाली.

त्यानंतर आम्हाला दोघींना जे हसू लागलं ते थांबेचना. तपासणीच्या रांगेत पुन्हा उभ्या राहिलो तेव्हा त्याच बाई समोर होत्या, आणि त्यांच्याकडे बघायचीही चोरी झाली. विमानात आम्ही शेवटी चढलो. पट्टा बांधायला आलेल्या हवाई सुंदरीचा हात धरून आत्याने विचारलं, "आमचं गाठोडं बसलं काय गो?"

"बसलं, मावशी," ती शुद्ध मराठीत म्हणाली. विमान वर गेलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसून हसून.

चंदीगडला फिरत्या पट्ट्यावरून काळ्या बॅगांच्या रांगेत आमचं हिरवं लुगडं चकचकत आलं. न्यायला आलेल्या जावयांनी ते उचललं, पण काय आहे म्हणून विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र बहिणीला सगळं सांगावं लागलं. ती पोट धरून म्हणाली, "आई, हसवू नकोस, टाके दुखतात."

शेगडीची ताटली शाबूत होती. दुसऱ्या दिवशी बाळाला आंघोळ घातल्यावर आत्याने शेगडी लावली, वर तवा, तव्यावर ओवा आणि बाळंतशेपा. खिडक्या थंडीमुळे बंद. धूर दाराखालून जिन्यात गेला आणि समोरच्या घरातल्या सरदारणी आजी पाण्याची बादली घेऊनच दारात आल्या. आग नाही हे कळल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली, आत येऊन बाळ बघितलं आणि शेगडीजवळ गुडघे धरून उभ्याच राहिल्या.

आत्याने त्यांना पाट दिला, फडकं तव्यावर गरम केलं आणि त्यांच्या गुडघ्यावर दाबलं. आजींनी डोळे मिटले.

मी चार दिवसांनी परतले, आत्या दोन महिने राहिली. बहिणीला फोन केला की मागे आत्या आणि आजी, दोघींचे आवाज यायचे, एकीचा पंजाबी, एकीचा आपला. एकदा मी विचारलं, कशावर बोलता एवढं? आत्या म्हणाली, "ती सुनंबद्दल सांगते. मला समदं कळतं."