दोन सोलांमधली जागा

हावड्यातल्या आमच्या चपलांच्या कारखान्यात दर शनिवारी एक माणूस कात्रण विकत न्यायला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. इथे सगळेच एकमेकांना दादा म्हणतात. सोल कापून उरलेली रबराची शीट तो उजेडात धरायचा, भोकांमधल्या पट्ट्या अंगठ्याने दाबून बघायचा आणि मगच गुंडाळायचा.

एका सोमवारी मी सोल कापायच्या साच्यांची मांडणी बदलली. मोठ्या सोलांच्या मधे लहान मुलांचे सोल बसवले. कात्रण निम्म्यावर आलं. नफा वाढणार म्हणून मालकांनी शनिवारी गुळाचे संदेश, ही बंगाली मिठाई, वाटले. मी पुण्याला आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

त्या शनिवारी त्याने शीट उचलली, तर ती हातातच फाटली. नुसती जाळी उरली होती.

"याचं करता काय तुम्ही?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"खेळण्यातल्या गाड्यांची चाकं कापतो, दादा," तो हिंदीत म्हणाला. "माझा कारखाना या मधल्या जागेतच चालायचा."

तक्रारीचा सूर नव्हता. माझ्या वाटचा संदेश मी त्याच्या हातावर ठेवला. त्याने अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून खिशात घातला आणि तळहातावर राहिलेला चुराही बोटाने टिपून घेतला.