तांदळाच्या डब्यातला फोन

परीक्षेला आठ दिवस उरले होते आणि दुपारी जेवताना माझ्या पुतणीनं जाहीर केलं, "मी पेपर देणार न्हाय." वडगावातल्या आमच्या विणकर घरातून एम.एस्सी.पर्यंत पोचलेली ही पहिली पोरगी. घास सगळ्यांच्या हातातच राहिले.

कारण तिच्या फोनात होतं. वर्गातल्या मुलांचा ग्रुप. कुणीतरी लिहायचं, 'माझी दुसरी उजळणी संपली', आणि हिला वाटायचं, आपण मागं पडलो. मग वही मिटून तासभर तेच वाचत बसायची, कोण किती पुढं गेलं.

गणपतीतल्या नाटकांत वीस वर्षं राजाचं काम केलेला माणूस मी. उभा राहिलो, हात उगारला, "फोन जप्त!" आणि तो तांदळाच्या डब्यात पुरला. डबा गुरगुरत राहिला. पोरगी पुस्तक उलटं धरून डब्याकडंच बघत बसली.

"भावजी, नाटक पुरे," वहिनी म्हणाल्या. "मागावरचा ताणा संपलाय. सांधायला चला, दोघंबी."

सांधणी म्हणजे संपत आलेल्या ताण्याच्या एकेका उभ्या दोऱ्याला नव्याचा एकेक दोरा जोडणं. चिमटीला राख लावायची, दोन टोकं पिळायची, पुढचा दोरा घ्यायचा. असे हजारो. पोरीनं मान वर केली, "आई, अजून किती ऱ्हायले गं?"

"तिकडं बघू नगं. हातातला जोड."

पोरीनं मान खाली घातली. बोटं चालायला लागली. तासाभरानं तर ती दोरे जोडता जोडता पुटपुटायला लागली, पहिल्या पेपरातली समीकरणं!

तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. मी हळूच, अगदी हळूच डोकावलो.

"काका! चार दोरे तिरके गेले की!"

"कुठं गं?"

"कुठं म्हणं! सरका. लई झालं तुमचं." तिनं माझे चारही जोड सोडवले, राखेच्या हातानं माझ्या खिशातला फोन काढला आणि तांदळात खुपसला. वहिनी हसून हसून मागाला टेकल्या.

पेपरपर्यंत रोज सकाळी वही उघडायच्या आधी तिचा फोन डब्यात जायचा, तिच्याच हातानं. मला वाटलं होतं, माझ्या फोनावरचं संकट टळलं. पेपरच्या दिवशी हॉल तिकीट पिशवीत टाकून ती उंबऱ्यात थांबली. फोन डब्यात टाकला आणि तळहात माझ्यापुढं पसरला.

"मी येईपर्यंत, काका. तुमचाबी."

राजानं मुकाट्यानं दिला.