चर्चा कोणाशी केली

खोटं कशाला बोलू, ती मला पहिल्या दिवसापासून डोळ्यात खुपायची.

एम.टेक.ला अ‍ॅडव्हान्स्ड अल्गोरिदम्सच्या वर्गात आम्ही दोघीच मराठी. ती पुण्याची, वडिलांची आयटीतली नोकरी हैदराबादला आली म्हणून आलेली. आम्ही तीन पिढ्यांपासून इथलेच. घर हिमायतनगरला, कापडाचं दुकान सुलतान बाजारात. माझ्या बोलण्यात हैदराबादी ‘हौ’ आणि ‘नक्को’ आलं की ती गालातल्या गालात हसायची. एकदा घरी जेवायला आली, तर आई दिवसभर तिचंच कौतुक करत बसली. किती शुद्ध बोलते, किती गोड बोलते. मला चोवीस वर्षं ऐकतेय, माझ्याबद्दल कधी बोलली नाही. तिच्या ताटात पुरणपोळीही दुसऱ्यांदा न विचारता पडली.

पण भाषेचं मी सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते वर्गातलं. मी दिलसुखनगरला दोन वर्षं कोचिंग केलेली. तिथे एकच शिकवायचे: प्रश्न दिसला की कुठल्या जातीचा आहे ते ओळखायचं आणि पाठ केलेली रीत लावायची. माझ्याकडे अशा रीतींच्या सात वह्या होत्या. इथे वर्गात सरांच्या प्रश्नांना त्यातली एकही लागायची नाही. आणि ही बया काय करायची, तर पेन्सिलीनं कागदावर चौकोन काढत बसायची, पंधरा मिनिटांनी हळूच म्हणायची, “सर, हे असं असेल का?” आणि ते तसंच असायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात सरांकडे उन्हाळ्यात संशोधन करायची एकच जागा होती. ती मिळाली की पुढे पीएच.डी.चं दार उघडणार. नाही मिळाली तर कॅम्पसला येईल त्या कंपनीत जायचं आणि दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत बसायचं. अर्ज आम्हा दोघींचेही होते. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की बसमध्ये बसल्या बसल्या मी सरांशी मनातल्या मनात बोलायची.

सरांचा एक दंडक होता. गृहपाठाची चर्चा कोणाशीही करा, पण लिहा एकट्यानं, आणि पहिल्याच ओळीत लिहा की चर्चा कोणाशी केली. कोणाशी नसेल तर तसं लिहा. यावर ते कधी काही तपासायचे नाहीत. तुमच्या शब्दावर सोडलेलं.

त्या आठवड्याचा प्रश्न असा होता. वस्तूंची एक चळत आहे. वरची वस्तू काढायला कष्ट कमी, खालची काढायला जास्त. मागितलेली वस्तू दर वेळी काढून सगळ्यात वर ठेवायची. दुसरा एक माणूस असा की कोण काय मागणार हे त्याला आधीच माहीत आहे, आणि त्यानं आपली चळत एकदाच त्या हिशेबानं लावून ठेवलीय. तर सिद्ध करा की आपले कष्ट त्याच्या दुपटीच्या पुढे फारसे जात नाहीत. सातही वह्या चाळल्या. काही नाही.

शनिवारी तिला ड्रेस पीस घ्यायचा होता, म्हणून मी तिला आमच्या दुकानात नेलं. बाबा एका बाईला चळतीतून खालचा पीस काढून दाखवत होते. बाई न घेताच गेली, आणि बाबांनी तो पीस वरच ठेवला.

“काका, परत जागेवर का नाही ठेवला?” तिनं विचारलं.

“एकीनं मागितलं की दिवसभर चौघी तेच मागतात, बेटा,” बाबा म्हणाले.

समोरच्या काउंटरवर माझे चुलते बसायचे. माल तोच, पण त्यांची चळत सकाळी त्यांनी लावली तशीच रात्रीपर्यंत. ही एकदा बाबांच्या चळतीकडे बघत होती, एकदा चुलत्यांच्या. मग माझा दंड धरून म्हणाली, “अगं, हा तर आपला गृहपाठ. दोन्ही चळती शेजारी ठेव. इथे जो वर आहे तो तिथे खाली, अशा उलट्या जोड्या किती आहेत तेवढ्याच मोजत राहायच्या. आज जादा कष्ट पडले तर जोड्या कमी होतात, म्हणजे पुढचे कष्ट वाचतात.”

झालं. संपलं गणित. मी ह्या दुकानात रांगले, शाळेचा अभ्यास ह्याच गादीवर बसून केला, आणि मला कधी चळतीत कापडाशिवाय काही दिसलं नाही. ती वीस मिनिटं उभी राहिली आणि घेऊन गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान आमचं, बाप माझा, आणि अक्कल हिची.

घरी येऊन मी अख्खं उत्तर लिहिलं, दुकानाचं उदाहरण देऊन, नीट. पहिल्या ओळीत लिहिलं: चर्चा कोणाशीही नाही.

बुधवारी सरांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. टेबलावर दोन्ही कागद. दोन्हींत तेच दुकान. तिच्या कागदावर पहिल्या ओळीत माझं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं की हे माझ्या वडिलांच्या दुकानात सुचलं, त्यामुळे श्रेय माझंही.

“हे तुझ्या वडिलांचं दुकान?” सरांनी मला विचारलं.

“हो सर.”

“लहानपणापासून बघतेस?”

“हो सर.”

ह्यात खोटं काहीच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. मी पुढे काही बोलेन म्हणून तिनं वाट पाहिली, बरीच. शेवटी तीच म्हणाली, “दुकान तिचंच आहे, सर.” आणि थांबली.

बाहेर आल्यावर मला वाटलं आता भांडेल. मी तयारीत होते. ती एवढंच म्हणाली, “तुला ती जागा एवढी हवी होती, तर मला सांगायचंस. मी अर्जच केला नसता.” आणि लायब्ररीकडे निघून गेली. एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

जागा मला मिळाली. आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले. पहिल्याच दिवशी सर खुशीत म्हणाले, “चळतीचं तू पाहिलंस तसं दुकानात आणखी काय दिसतं ते बघ. सोमवारी सांग, तिथूनच आपलं काम सुरू करू.”

शनिवारी मी दुकान उघडल्यापासून गादीवर बसले, वही घेऊन. बाबा पीस काढत होते, दाखवत होते, वर ठेवत होते. चुलते पीस परत मूळ जागी ठेवत होते. गिऱ्हाइकं आली, गेली. पेन्सिलीनं चौकोन काढून पाहिले. दुपार झाली, डबा खाल्ला, चार वाजले. मला फक्त कापड दिसत होतं. ती इथे बसली असती तर तिला आत्ता काय दिसलं असतं, एवढाच एक विचार माझ्या डोक्यात होता, आणि त्याबद्दलही मला तिचाच राग येत होता.